यादीतलं दुसरं कार्ड

तारकाकांनी कॉम्प्युटरच्या यादीतलं ते दुसरं कार्ड काढून टाकलं, तेव्हा बुधवारचे सकाळचे साडेदहा वाजले होते, आणि एक रेंगाळलेलं काम मार्गी लागलं म्हणून त्यांना बरंच हलकं वाटलं होतं.

झालं होतं असं, की दोन दिवस इंटरनेट रडतखडत चाललं होतं. त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईने त्यांना नेटवर्क कार्डांची यादी उघडायला लावली आणि विचारलं, "किती दिसतात, काका?"

"दोन."

"बरं. आता राउटर बंद करून परत चालू करा."

तेवढ्याने काम झालं. ती बाई पुढच्या फोनला लागली असेल, पण काकांच्या डोक्यात ते 'दोन' अडकून बसलं. त्यांनी खुर्ची सरकवली, गुडघे टेकले आणि टॉर्च घेऊन कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागे पाहिलं. तार लावायचं कार्डाचं भोक एकच. तारही एकच. मग दुसरं कार्ड आलं कुठून?

काकांनी टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून छत्तीस वर्षं काढली होती. म्हणून तर सगळे त्यांना तारकाका म्हणायचे. वर्षातून एकदा रजिस्टर काखोटीला मारून खांबाखांबावर चढायचं आणि रजिस्टरातली प्रत्येक लाईन खांबावर आहे का, ते हात लावून बघायचं, ही त्यांची सवय. कागदावर आहे पण खांबावर नाही, तिच्यावर लाल रेघ. मेलेली लाईन यादीत ठेवली की पुढे कोणीतरी तिच्या नादाने दिवसभर उन्हात फिरतो. त्यांनी त्या दुसऱ्या नावावर उजवं बटण दाबलं. 'टॅप' असं काहीतरी नाव होतं. 'काढून टाका' असं आलं, तेही दाबलं. नक्की ना, असं कॉम्प्युटरने विचारलं. इतकी खात्री काकांना आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली होती.

मग त्यांनी चहा केला, प्यायला आणि एकच कप विसळून पालथा घातला.

कॉम्प्युटर होता मधल्या छोट्या खोलीत. ती खोली त्यांच्या बायकोची. बायको शाळेत कॉम्प्युटर शिकवायची, आसपासची माणसं तिला बाईच म्हणायची. निवृत्त झाल्यावर ती एका संस्थेतर्फे अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागली. आवाज घुमू नये म्हणून तिने चारी भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्या होत्या. तिला जाऊन नऊ महिने झाले, तरी गोधड्या तशाच होत्या. काका खोलीत जायचे ते धूळ पुसायला आणि बिल भरायला. रेकॉर्डिंगच्या फोल्डरला त्यांनी कधी हात लावला नाही. दवाखान्यात असताना ती एकदा म्हणाली होती, "अहो, तो डबा बंद करायचा नाही हं. चालूच राहू दे." का, ते त्यांनी विचारलं नाही. विचारायला बराच वेळ आहे असं वाटलं होतं. त्यांनी डबा चालू ठेवला होता.

मुलगी लांब, दुसऱ्या देशात. इथली सकाळ म्हणजे तिथली संध्याकाळ. तिच्याशी बोलायचं खातं बायकोकडेच होतं. दोघी तास तास बोलायच्या. आता मुलगी दर रविवारी फोन करायची आणि पाच मिनिटांत औषधं, दूध, लाईटचं बिल असं सगळं उरकून जायचं. जन्मभर लोकांचे फोन जोडणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोरीशी फोनवर सहावं मिनिट काढता येत नव्हतं. तिलाही येत नसावं.

म्हणून गुरुवारी सकाळी नऊला तिचा फोन आला, तेव्हा काकांनी आधी कॅलेंडरवर वार पाहिला.

"बाबा, घरात लाईट आहे ना?"

"आहे की. का गं?"

"आणि इंटरनेट?"

"एकदम फर्स्टक्लास. कालच नीट केलं."

"नीट केलं म्हणजे? काय केलंत?"

काकांनी सांगितलं. टॉर्च, भोक, तार, सगळं यथासांग. 

"बाबा, ते आईचं व्हीपीएन होतं हो."

"त्याला तारच नव्हती. मी स्वतः मागे बघितलं."

"तार नसतेच त्याला! ते खरं कार्डच नाही."

"मग यादीत कशाला?"

मुलीने मोठा श्वास घेतला. लहानपणी गणित अडलं की ती असाच श्वास घ्यायची. मग तिने सांगितलं. बायकोने घरच्या कॉम्प्युटरवर व्हीपीएन बसवलं होतं, म्हणजे बाहेरून फक्त मुलीला आत येता यावं असा एक बंदिस्त रस्ता. त्यासाठी एक कार्ड लागतं, पण ते नुसतं सॉफ्टवेअरचं. कॉम्प्युटरला ते खऱ्यासारखंच दिसतं. तो त्याच्यात माल टाकतो. तिथे तार नसतेच, व्हीपीएनचा प्रोग्रॅम उभा असतो. तो माल उचलतो, त्याला कुलूप घालतो आणि खऱ्या कार्डाच्या खऱ्या तारेतून बाहेर पाठवतो. मुलीच्या लॅपटॉपमध्येही तसंच एक खोटं कार्ड आहे. तिथे कुलूप उघडतं.

"म्हणजे माझ्या लॅपटॉपला वाटतं की तो तुमच्या मधल्या खोलीतच ठेवलाय. कळलं?"

काकांना कळलं, आणि कळल्यावर कानशिलं तापली. तारांची टंचाई होती त्या काळात ते स्वतः खांबावर एक डबी बसवायचे आणि तारांच्या एकाच जोडीवर दोन घरांचे फोन चालवायचे. दुसऱ्या घराला वाटायचं, आपली तार वेगळी. रजिस्टरात नंबर दोन, खांबावर जोडी एक. एकदा नवीन आलेल्या एका लाईनमनने त्यातला एक नंबर लाल रेघ मारून उडवला होता, तेव्हा काकांनी त्याला चार माणसांत फैलावर घेतलं होतं.

"पण तुला इथून हवं काय असतं?" त्यांनी विचारलं.

"आईची रेकॉर्डिंगं."

"ती तर संस्थेकडे आहेत ना?"

"संस्थेकडे साफ केलेली आहेत. मला घरची हवीत, कच्ची. ती चुकते, खोकते, परत पहिल्यापासून वाचते, ती." मुलगी जराशी हसली. "तुम्हीही आहात त्यात. दर दहा मिनिटांनी दार ढकलून येता. 'माझा चष्मा बघितलास का?' आई म्हणते, 'डोक्यावर.' मग परत पान पहिल्यापासून."

"मी? दर दहा मिनिटांनी?"

"कधी कधी पाच. रोज स्वयंपाक करताना एक ऐकते मी."

"मग सगळी एकदम तिकडे उतरवून का नाही घेतलीस?"

"घेतली असती," ती म्हणाली. "पण मग घरी येणं झालं नसतं."

फोन ठेवल्यावर काका बराच वेळ मधल्या खोलीच्या दारात उभे राहिले. नऊ महिने रोज सकाळी पोरगी या खोलीत येऊन जात होती. आणि ते पलीकडच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून पेपर वाचत बसले होते.

दुरुस्ती सुरू झाली. सांगणारी ती आणि हात काकांचे. काकांचा फोन जुना, बटणांचा. त्यातून पडदा दाखवता येत नव्हता, त्यामुळे प्रत्येक गोष्ट वाचून दाखवावी लागायची.

"डाव्या कोपऱ्यात काय लिहिलंय?"

"इंग्रजीत आहे."

"इंग्रजीतच असणार बाबा, वाचा ना."

शुक्रवारी जुना प्रोग्रॅम सापडला. शनिवारी त्याच्यातून नवीन कार्ड तयार झालं. काकांनी यादी उघडली, तर परत दोन. कधी नव्हे ते त्यांना दोन बघून बरं वाटलं. पण व्हीपीएन काही उठेना.

"नावाचा घोळ असणार," मुलगी म्हणाली. "आईने सेटिंगमध्ये त्या कार्डाचं नाव लिहिलेलं असेल. नवीन कार्ड स्वतःचंच नाव घेऊन आलंय. प्रोग्रॅम जुन्या नावाने हाका मारतोय आणि ओ कोणी देत नाही."

"मग नाव बदलू. काय ठेवलं असेल तिने?"

"तेच तर. 'घर' करून बघा."

नव्हतं. 'शाळा' नव्हतं. 'गोधडी' नव्हतं. काका म्हणाले, "माझं घालून बघू का?" मुलगी म्हणाली, "तुमचं कशाला ठेवेल? मध्येमध्ये येणाऱ्याचं?" आणि दोघं हसले. एका फोनवर दोघं एकदम हसल्याचं काकांना आठवत नव्हतं. त्या दिवशी फोन पंचेचाळीस मिनिटं चालला. तिने महिन्यापूर्वी घर बदललं होतं, ते त्यांना तेव्हा कळलं. तिची पाठ दुखते, हेही. तिचा साहेब बोलताना नाकातून शिट्टी मारतो, ती शिट्टी तिने करून दाखवली.

"नाव असं सापडणार नाही," शेवटी ती म्हणाली. "लॉग नावाचं एक फोल्डर असेल तिथे. त्यातली फाइल उघडून शेवटची ओळ वाचा. कोणाला हाक मारली, ते त्यात लिहिलेलं असतं."

रविवारी सकाळी, तिचा फोन यायच्या आधीच, काकांनी फाइल उघडली. शेवटची ओळ वाचली. अमुक नावाचं कार्ड सापडलं नाही, असं होतं. इंग्रजी अक्षरात, पण शब्द आपला. 'मुलीसाठी'.

त्यांनी तो एका चिठोऱ्यावर लिहून घेतला. तेवढ्यात फोन वाजला.

"सापडला का लॉग?"

"शोधतोय," काका म्हणाले.

तोंडातून कसं गेलं, ते त्यांनाही कळलं नाही. पण मुलगी म्हणाली, "असू दे, घाई नाही," आणि मग नवीन घराच्या खिडकीतून काय काय दिसतं ते सांगत बसली. सोमवारी परत फोन. परत "शोधतोय". सोमवारी त्यांनी तिला सांगितलं, की लग्नाआधी तिची आई शाळेतल्या फोनची तक्रार मुद्दाम सारखी नोंदवायची आणि दर वेळी तेच दुरुस्तीला जायचे. मुलीला हे माहीत नव्हतं. "हे आईने कधीच नाही सांगितलं!" ती म्हणाली. सोमवारी फोन ठेवल्यावर काकांनी दोन पोळ्यांच्या जागी तीन खाल्ल्या.

मंगळवारी ती म्हणाली, "बाबा, एक प्रोग्रॅम टाका, म्हणजे मी इथूनच पडदा बघून शोधते. दोन मिनिटांचं काम."

"नको. तुझी आई म्हणायची, परके प्रोग्रॅम या डब्यात घालायचे नाहीत."

बायको हे खरंच म्हणायची. त्यामुळे तर ती सबब त्यांच्याच मनाला जास्त लागली.

त्या दुपारी जोडारी आला. जोडारी म्हणजे त्यांच्या खात्यातला केबल जोडणारा, तीस वर्षांचा सोबती, बुटका आणि तोंडाने फाटका. गुडघा धरून जिना चढला आणि खुर्चीत पडायच्या आधीच म्हणाला, "काय लाईनमन, उतरलास का नाही अजून खांबावरून खाली? पोरीची लाईन झाली का?"

"होईल."

"होईल म्हणजे? आठवडा झाला. तुझ्या जागी मी असतो तर ग्राहकाने मारलं असतं." त्याने टेबलावरचा चिठोरा उचलला. "हे काय, मुलीसाठी? मुलीसाठी काय?"

"नाव आहे. कार्डाचं."

"हेच ना, जे सापडत नव्हतं?"

काका चहा गाळत होते. गाळून झाला तरी गाळणी धरून उभेच राहिले.

"मग घाल की!"

 जोडाऱ्याने एकदा चिठोऱ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"अरे लेका. तू फॉल्ट पाळतोयस?"

हा खात्यातला शब्द होता. काही लाईनमन बिघाड सापडला तरी दुरुस्त करायचे नाहीत. ग्राहकाने चार चकरा माराव्यात, काका-मामा करावं, म्हणून तो तसाच ठेवायचे. त्याला फॉल्ट पाळणं म्हणायचे, आणि पाळणाऱ्याच्या शेजारी काका कधी डबाही खायला बसले नव्हते.

"रोज फोन करते ती," काका म्हणाले.

"आणि छत्तीस वर्षांत पाळला नाहीस, तो आता पोरीचा पाळलास?" जोडारी आवाज चढवून म्हणाला. मग चहा ओढून घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "साखर कमी आहे."  

बुधवारी फोन आला तेव्हा मुलगी आधी बोललीच नाही. काकांना वाटलं, लाईन गेली.

"आहेस ना?"

"आहे." तिचा आवाज बसलेला होता. "बाबा, काल मी आईचा आवाज आठवून बघत होते. ती काय म्हणायची ते सगळं आठवतं. पण ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतं. तिचा येत नाही."

काकांनी चिठोरा पुढे ओढला. पाठ होता, तरी समोर ठेवला. यादी उघडली, नवीन कार्डाचं नाव खोडलं, आणि एका बोटाने एकेक अक्षर दाबलं. "थांब जरा," म्हणाले. प्रोग्रॅम बंद करून चालू केला. कोपऱ्यातलं चिन्ह पिवळं झालं, मग हिरवं.

"आता येऊन बघ."

पलीकडे बटणांचा आवाज. मग तिची हाक, तोंडावर हात ठेवून मारल्यासारखी. "आले! बाबा, आले मी आत. थांबा, तुमच्या बाजूने पण बघू. काळी खिडकी उघडा. पिंग लिहा आणि माझा नंबर घाला, दहा, आठ, शून्य, सहा. पिंग म्हणजे नुसती हाक. पुढे टी लावा, म्हणजे थांबवेपर्यंत मारतच राहील."

काकांनी लिहिलं. काळ्या खिडकीत एकेक ओळ येऊ लागली. दर सेकंदाला एक. सहा नंबरकडून उत्तर. सहा नंबरकडून उत्तर.

"येतंय," ते म्हणाले.

"नाव काय होतं?"

"मुलीसाठी."

 "कुठे सापडलं?"

"तू सांगितलंस तिथेच. शेवटच्या ओळीत."

"आज?"

इथे 'हो' म्हणता आलं असतं. काकांनी पडद्याकडे पाहिलं. उत्तर येतच होतं.

"रविवारी," ते म्हणाले.

"आज बुधवार आहे, बाबा."

"हो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला... का?"

"तू रोज फोन करत होतीस," काका म्हणाले. दुसरं काही कारण त्यांच्याजवळ नव्हतं.

 मग ती म्हणाली, "ठेवते मी," आणि ठेवला.

गुरुवारी फोन आला नाही. शुक्रवारीही नाही. काकांनी काळी खिडकी बंद केली नव्हती. दिवसभर तिच्यात 'वेळ संपली, उत्तर नाही' अशा ओळींचा ढीग पडायचा. सकाळी नऊच्या सुमारास तिथे मुलगी कामावरून घरी येऊन लॅपटॉप उघडत असणार, कारण मग अचानक सहा नंबरकडून उत्तर यायला लागायचं. तासभर यायचं. मग परत वेळ संपली. काका खुर्ची घेऊन समोर बसायचे. मधल्या खोलीत कोणी नसायचं, पण कोणीतरी आहे असं त्या ओळींत लिहून यायचं. तिचा लॅपटॉप प्रत्येक हाकेला ओ देत होता. ती देत नव्हती. तो तासभर ते पडद्यावरून नजर काढायचे नाहीत आणि चहा निवून जायचा.

शुक्रवारी त्यांनी एकदा रेकॉर्डिंगच्या फोल्डरवर बाण नेला, आणि परत आणला.

शनिवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी उत्तर यायला लागलं. काका दोन-तीन मिनिटं ओळी बघत राहिले. मग उठले, बाहेरच्या खोलीत जाऊन फोन घेतला आणि बायकोच्या वहीतून नंबर बघून लावला. नंबर त्यांना पाठ नव्हता, कारण त्या नंबरला त्यांनी आजवर कधी फोन केला नव्हता. बायको लावायची, किंवा तिकडून यायचा.

चार वेळा वाजला.

"बाबा? काय झालं? परत बंद पडलं का?"

"नाही. चालू आहे."

"मग तब्येत?"

"ठणठणीत आहे."

"मग?"

'मग'ला काय सांगायचं ते काकांनी ठरवलंच नव्हतं. पलीकडे काहीतरी शिजत होतं, झाकण थडथडत होतं. त्याच्या मागे, अगदी बारीक, एक बाई कुठल्या तरी पुस्तकातला नद्यांचा धडा वाचत होती. काकांनी फोन कानावर घट्ट दाबला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा तो आवाज. तिने एक नाव चुकीचं वाचलं, 'छे' म्हणाली आणि ओळ परत सुरू केली.

"काही नाही," काका म्हणाले.  "सहज केला. काही बिघडलेलं नाही."

मुलीने चमचा भांड्यावर आपटला. तिचा राग अजून जागेवर होता, ते त्यांना त्या आपटण्यातूनही कळत होतं. झाकण दोनदा वाजलं.

"थांबा," ती म्हणाली. "आईला जरा थांबवते."

एक बटण दाबल्याचा आवाज आला आणि नद्यांचा धडा मध्येच थांबला.

"हं," ती म्हणाली. "बोला."